लाला रुख आणि बटाट्याची भाजी

गेले दोन महिने लिहीन लिहीन म्हणतोय, पण शनिवार उजाडला की आधी आठवड्याचं धुणं, मग भाजी, मग आईचा फोन, आणि बघता बघता रविवारची रात्र. आज बाहेर पाऊस आणि वारा दोन्ही आहेत (म्हणजे हॉलंडमध्ये नेहमीचं हवामान आहे). सायकल काढण्यात अर्थ नाही. तेव्हा बसलोय लिहायला.

सुरुवात माझ्या स्वयंपाकापासून करतो, कारण बाकी सगळा इतिहास तिथूनच निघाला.

द हेगला येऊन मला दीड वर्ष झालं. त्याआधी इंजिनिअरिंगची चार वर्षं मेसवर आणि पुण्यातली नोकरी डब्यावर काढली होती. म्हणजे चहा, मॅगी आणि ऑम्लेट ही माझी एकूण पाककला. निघताना आईने बॅगेत तीन लिटरचा कुकर, लाटणं आणि मिसळणाचा डबा कोंबला होता. पहिल्याच आठवड्यात जिरं-मोहरीची फोडणी केली तर छतावरचा स्मोक अलार्म असा कोकलला की वरच्या मजल्यावरचे डच आजोबा दार वाजवायला आले. तेव्हापासून फोडणी करताना खिडकी उघडी आणि अलार्मखाली एका हाताने टॉवेल हलवणं, हा प्रोटोकॉल ठरून गेला आहे.

डच जेवण म्हणजे काय, तर ऑफिसात दुपारी पाव आणि चीज. बारा वाजता सगळे गंभीर चेहऱ्याने पावाच्या दोन स्लाइस खातात आणि परत कामाला लागतात. पहिला महिना मला हे बघूनच रडू यायचं. पण हळूहळू लक्षात आलं की हे लोक आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. पावाबरोबर जे ते पांढरं पितात, ते ‘कार्नमेल्क’ म्हणजे चक्क ताक! मीठ-जिरं घालून प्यायलं तर सांगलीतल्या दुपारची आठवण यावी. आणि जिऱ्याचं म्हणाल तर शेजारच्या लायडन गावचं प्रसिद्ध चीज जिरं घालूनच करतात.

लायडनचीच आणखी एक गोष्ट. १५७४ साली स्पॅनिश फौजेने या गावाला वेढा घातला होता. गावात उपासमार. शेवटी डच लोकांनी स्वतःचेच बांध फोडून शेतांत पाणी सोडलं आणि ३ ऑक्टोबरला वेढा उठला. दंतकथा अशी की पळून गेलेल्या स्पॅनिश सैनिकांच्या तळावर भाज्या शिजवलेलं एक भांडं सापडलं. त्याची आठवण म्हणून अजूनही लायडनमध्ये ३ ऑक्टोबरला ‘हुत्स्पॉट’ खातात: बटाटा, गाजर आणि कांदा एकत्र घोटून. गंमत म्हणजे १५७४ मध्ये त्या भांड्यात बटाटा असणं शक्यच नाही, कारण तो डच ताटात रुळला त्यानंतर फार उशिरा. म्हणजे ज्याला ते आपला सगळ्यात ऐतिहासिक पदार्थ म्हणतात त्यातली मुख्य वस्तूच नंतर आलेली. मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. पुढे माझ्यावर काय वेळ येणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

द हेगच्या एका भागात ‘हागसं मार्क्त’ नावाचा मोठा उघडा बाजार भरतो. भेंडी, कारली, कढीपत्ता, कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं मिळतं. कोथिंबिरीची जुडी बघून मला जो आनंद झाला तो अप्रेझलच्या वेळीही कधी झाला नव्हता. तिथून जवळच पाऊल क्रूगरलान नावाचा रस्ता आहे. साडीची दुकानं, देवांच्या मूर्ती, सोन्याचे दागिने आणि मधे मधे ‘रोटीशॉप’. तिथल्या एका दुकानात मसाल्याच्या पुडीवर नाव होतं ‘डीजेआयआरए’. पाच मिनिटं विचार केल्यावर ट्यूब पेटली. जिरा! डच लिपीत ‘ज’ लिहायला ‘डी’ आणि ‘जे’ जोडतात.

तर त्या रस्त्यावरच्या एका रोटीशॉपमध्ये मी आणि माझा कानपूरचा मित्र शिरलो. रोटी मागवली. ताटात आलं ते असं: एक मोठी मऊ पोळी, तिच्या पोटात वाटाण्याच्या डाळीचं कोरडं तिखटसर पुरण (आपल्या पुरणपोळीची खारी बहीण म्हणा), बाजूला चिकन, उकडलेलं अंडं, चवळीच्या हातभर लांब शेंगांची भाजी आणि रस्सेदार बटाटा. मी एक घास खाल्ला आणि मोठ्या ऐटीत मित्राला हिंदीत म्हणालो, "यार, ये तो नकली इंडियन है. इन लोगों को असली खाना पता ही नहीं."

काउंटरमागे साठीच्या एक बाई होत्या. आतापर्यंत सगळ्यांशी डचमध्ये बोलत होत्या. बिल द्यायला गेलो, त्यांनी डचमध्ये रक्कम सांगितली, उरलेलं पार्सल हातात दिलं आणि शांतपणे हिंदीत म्हणाल्या, "चटनी तेज़ है बेटा. देख के खाना."

बास. एवढंच. पण मंडळी, त्या क्षणी माझे कान जे तापले ते त्या चटणीने नक्कीच नव्हते.

घरी आल्यावर मी आपल्या सवयीप्रमाणे शोधाशोध सुरू केली. हे लोक कोण? इथे कसे आले? आणि जे सापडलं ते मला शाळेत, कॉलेजात, कुठेच कोणी शिकवलं नव्हतं.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरीनाम नावाचा देश आहे. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची उसाची वसाहत होती. १६६७ साली डचांनी ती जिंकली. तिकडे इंग्रजांनी १६६४ मध्येच डचांचं उत्तर अमेरिकेतलं ‘न्यू अ‍ॅमस्टरडॅम’ घेतलेलं होतं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ठरलं की ज्याच्याकडे जे आहे ते त्याने ठेवावं. डचांना वाटलं आपलाच फायदा झाला, कारण सुरीनामात साखर होती. न्यू अ‍ॅमस्टरडॅमचं पुढे न्यू यॉर्क झालं. असो.

साखर म्हणजे मजूर, आणि मजूर म्हणजे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. दोनशे वर्षं हे चाललं. शेवटी १ जुलै १८६३ ला डचांनी गुलामगिरी रद्द केली. तीही कशी, तर मालकांना दर गुलामामागे ३०० गिल्डर भरपाई, गुलामांना शून्य, आणि वर सरकारी देखरेखीखाली आणखी दहा वर्षं काम सक्तीचं. (डच पंतप्रधानांनी सरकारतर्फे याबद्दल माफी मागितली २०२२ च्या डिसेंबरात, आणि राजाने १ जुलै २०२३ ला.) १८७३ मध्ये ती दहा वर्षं संपली आणि स्वतंत्र झालेली माणसं मळे सोडून निघाली. ऊस मात्र उभाच होता.

आता मजूर कुठून आणायचे? डचांनी इंग्रजांकडे बघितलं. मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद इथल्या उसासाठी इंग्रज कित्येक वर्षं हिंदुस्तानातून करारावर माणसं नेतच होते. (मॉरिशसला आपल्या कोकणातूनही माणसं गेली, म्हणून तिथे आजही मराठी आहे.) १८७० मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला आणि डचांना कलकत्त्यात भरती करायची परवानगी मिळाली.

पहिलं जहाज कलकत्त्याहून सुटलं २६ फेब्रुवारी १८७३ ला. शिडाचं जहाज, आफ्रिकेला वळसा घालून. सुरीनामात उतरण्याचा दिवस म्हणून ५ जून पाळतात. म्हणजे जवळजवळ शंभर दिवस. उतरली ३९९ माणसं. वाटेत काही जण गेले. जहाजाचं नाव होतं ‘लाला रुख’. फारसीत लाला म्हणजे ट्युलिप आणि रुख म्हणजे गाल. ट्युलिपसारखे गाल असलेली! थॉमस मूर या आयरिश कवीने १८१७ मध्ये या नावाचं काव्य लिहिलं होतं, त्यात औरंगजेबाची एक काल्पनिक मुलगी नायिका आहे. तर एका काल्पनिक मोगल राजकन्येच्या नावाच्या जहाजातून बस्ती, आझमगढ, गोरखपूरकडची खरी माणसं ट्युलिपवाल्यांच्या मळ्यात गेली.

१८७३ पासून १९१६ पर्यंत अशी ६४ जहाजं गेली आणि सुमारे ३४,००० माणसं. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली आणि पश्चिम बिहारमधली. भरती करणाऱ्या दलालाला ‘अरकाटी’ म्हणत. तो सांगायचा की ‘श्रीराम’ टापूवर जायचंय. सुरीनाम आणि श्रीराम, ऐकायला जवळपास सारखंच. करार पाच वर्षांचा. पुरुषाला दिवसाला ६० सेंट, बाईला ४०. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: करार मोडणं हा दिवाणी मामला नव्हता, फौजदारी गुन्हा होता. कामावर गेला नाहीत तर तुरुंग. आम्ही आयटीवाले नोटीस पीरियड आणि बाँडवरून किती रडतो ते आठवून मला जरा कसंतरीच झालं. माझाही करार आहे, मीही कंपनीने पाठवला म्हणूनच इथे आलो. पण मी विमानात दोन सिनेमे बघत आलो आणि मला आवडलं नाही तर उद्या परत जाऊ शकतो. तुलना करायचीसुद्धा नाही.

जहाजावर जात मोडली. शिधा सगळ्यांना एकच, पंगतही एकच. काळं पाणी ओलांडल्यावर सोवळं-ओवळं किती सांभाळणार? एका जहाजातून आलेले लोक एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणायचे आणि ते नातं सख्ख्या नात्यासारखं मानलं जायचं. इकडे गावात ज्यांनी एकमेकांच्या घरचं पाणीही प्यायलं नसतं त्यांची मुलं तिकडे एका ताटात जेवली.

पाच वर्षांनी परतीचा फुकट प्रवास मिळायचा. साधारण तिघांतला एक परत आला. बाकीचे राहिले. परतीचा हक्क सोडणाऱ्यांना सरकार जमिनीचा तुकडा आणि १०० गिल्डर देऊ लागलं. उसाच्या मजुरांचे भातशेतीवाले झाले. हरभऱ्याच्या डाळीच्या जागी पुरणात वाटाण्याची डाळ आली. आपल्या चवळीच्याच जातीच्या त्या लांब शेंगांना डच नाव मिळालं ‘काउसनबांद’, म्हणजे मोजे घसरू नयेत म्हणून बांधायची पट्टी. उडदाच्या पिठात अळूच्या कुळातल्या ‘तायर’ची पानं चिरून घालायची आणि तळायचं, त्याला म्हणायचं ‘बारा’. आपला वडाच तो. आणि मळ्यावर उगवणारी पिवळी, भयंकर मिरची, जिचं नाव आहे ‘मादाम जनेट’. त्या बाईंनी सांगितलेली तेज़ चटणी हिचीच.

हिंदुस्तानी एकटे नव्हते. त्यांच्याआधी चिनी मजूर आले होते, १८९० पासून जावामधून आले. म्हणून रोटीशॉपच्या मेनूकार्डावर रोटीखाली बामी नूडल्स, त्याखाली ‘पॉम’ असं सगळं एकत्र असतं. पहिल्या दिवशी मला वाटलं की यांना काय धड एक विकता येत नाही का? आता तेच मेनूकार्ड मला बंदरातल्या जहाजांच्या यादीसारखं दिसतं.

२५ नोव्हेंबर १९७५ ला सुरीनाम स्वतंत्र झाला. पुढे काय होईल या भीतीने त्याच्या आधी आणि नंतरच्या काही वर्षांत देशाची साधारण एक तृतीयांश माणसं हॉलंडमध्ये आली. त्यातले खूपसे हिंदुस्तानी द हेगला राहिले. म्हणजे शंभर वर्षांत दुसऱ्यांदा घर सोडलं, दुसऱ्यांदा चूल मांडली. आणि मांडली कुठे? पाऊल क्रूगरच्या नावाच्या रस्त्यावर. क्रूगर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालचा अध्यक्ष, ज्याच्या राज्यात १८८५ साली हिंदी लोकांचे हक्क हिरावणारा कायदा झाला. पुढे त्याच ट्रान्सवालमध्ये गांधी लढले. आणि आज त्या रस्त्यापासून जवळच होबेमाप्लेन चौकात गांधींचा पुतळा उभा आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? मलाही तसंच वाटलं होतं. पण ही करारी मजुरी बंद करा म्हणून दिल्ली-कलकत्त्याच्या कौन्सिलात ठराव कोणी मांडला माहीत आहे? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९१० मध्ये नाताळला (दक्षिण आफ्रिकेतल्या) मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि तो मंजूर झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धतच सगळीकडून रद्द करा असा ठराव आणला, तो सरकारी बहुमताने पडला. गोखले १९१५ मध्ये गेले. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी पुन्हा ठराव आणला आणि सरकारला मान्य करावा लागला. त्याच साली सुरीनामला शेवटचं जहाज गेलं. मी पुण्यात असताना गोखले इन्स्टिट्यूटवरून शेकडो वेळा गेलो असेन. गोखले म्हणजे ‘मवाळ’, एवढंच पाठ. हे कोणी सांगितलंच नाही, किंवा सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर झोपलो असेन.

हे सगळं वाचून झाल्यावर ‘नकली’ या शब्दाचा मी जरा विचार केला. आमच्या भाषेत सांगायचं तर माझ्या डोक्यात असं होतं की आपण मेन ब्रँच आणि हे लोक म्हणजे १८७३ मध्ये फुटलेला एक फोर्क. पण मेन ब्रँच कुठली? माझ्या आईच्या बटाट्याच्या भाजीतला बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे आलेली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. ते दोघं दक्षिण अमेरिकेतून हिंदुस्तानात आले, हळद-जिऱ्याला भेटले आणि गिरमिटियांच्या तोंडातली चव बनून परत दक्षिण अमेरिकेत गेले. हुत्स्पॉटवर हसणारा मी, माझ्याही ‘असली’ भांड्यात नंतर आलेलाच बटाटा होता.

दोन शनिवार धीर झाला नाही. तिसऱ्या शनिवारी एकटाच गेलो. दुपारचे तीन वाजले होते, दुकानात गर्दी नव्हती. मी म्हटलं, "मौसी, उस दिन मैंने जो बोला, वो ग़लत था. माफ़ करना." त्यांनी आधी ओळखलंच नाही. मग म्हणाल्या, असं तर सगळेच इंडियावाले म्हणतात, तू परत आलास एवढंच वेगळं. त्यांची हिंदी सिनेमातून आलेली, मधे मधे त्यांची सरनामी. त्यात एक शब्द सारखा येत होता आणि तो मला भाषांतर न करता कळत होता: आजी. त्यांच्या बोलीतही बापाची आई म्हणजे आजीच!

त्यांच्या आजीची आई जहाजातून आली होती. मौसींनी आतून एक घडी घातलेला कागद आणला. या मजुरांच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. त्यांच्या नातवाने तो कागद छापून दिला होता. त्यात पणजीचं नाव, तिच्या बापाचं नाव, वय, उंची, जहाज, मळा, जिल्हा बस्ती, आणि गावाचं नाव. ते नाव डच कारकुनाने कानाला ऐकू येईल तसं लिहिलेलं. मौसींना डच वाचता येतं, पण ते गाव कुठलं ते कळत नव्हतं. मला म्हणाल्या, तू तिकडचा आहेस, कॉम्प्युटरवाला आहेस, बघ.

मी तिकडचा! सांगली ते बस्ती अंतर किती, हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ते गाव मी अजून शोधतोय. नकाशावर बस्ती जिल्हा, आणि पूर्वी बस्तीत असलेले पण आता वेगळे झालेले सिद्धार्थनगर आणि संत कबीरनगर हे जिल्हे धरून, त्या उच्चाराच्या जवळची गावं काढली. ‘डीजे’चा ‘ज’ केला, ‘ओई’चा ‘उ’ केला, मधला एक ‘एच’ धरून आणि सोडून बघितला. आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड डेटा क्लीनिंग. तीन गावं उरली आहेत. कानपूरच्या मित्राला म्हटलं, तो तिकडच्या ओळखीच्यांना विचारतोय. कदाचित तिन्हीही चुकीची असतील. मौसींना मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, तीन तर तीन. त्यांनी तिन्ही नावं त्या कागदाच्या मागे लिहून घेतली.

बटाट्याची ती भाजी मी आता घरी करतो. मौसींनी सांगितलं की मसाला आधी थोड्या पाण्यात कालवायचा आणि मग तेलात घालायचा, म्हणजे जळत नाही. खरंच जळत नाही. आणि धूर न झाल्यामुळे अलार्मही वाजत नाही! परवा व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. तिने चष्मा सावरून बघितलं आणि म्हणाली, "ही कुठली रे पद्धत? कोणी शिकवली?"

म्हटलं, आई, जरा मोठी गोष्ट आहे. तुझं दूध उतू जात नाहीये ना आत्ता?